विहिरीचा कान

तळकरी गावात यायचे ते फक्त दुष्काळात. पाऊसपाणी बरं असलं की ही माणसं कुठं राहतात, काय खातात, हे दिंद्रुडच्या भर बाजारात विचारूनही कुणी सांगू शकलं नसतं. विहिरी आटल्या की एके सकाळी शिवेवर त्यांची गाढवं उभी दिसायची. पाषाणातली विहीर खणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांची एक स्वतःची बोली होती, आणि ती त्यांच्याखेरीज साऱ्या पंचक्रोशीत एकाच माणसाला येत होती. निदान त्या माणसाचं तरी तसं म्हणणं होतं.

तो माणूस म्हणजे शहादेव. तो लहान असताना एका दुष्काळात पाटलाच्या विहिरीवर तळकरी आले होते. तेव्हा हा दिवसभर त्यांच्या पालांभोवती घोटाळायचा. भाकरीला खुंबा, रामरामाला नाळो, गाढवाला टिरकू, सगळं ठीक असलं की हाला, असे पसाभर शब्द त्यानं गोळा केले आणि पुढं ते जन्मभर पुरवून पुरवून वापरले. स्वतःच्या लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तर त्यात तळबोली. लिंबागणेशला दर्शनाला गेला तर पुजाऱ्यापुढं तळबोली. लोक हसून त्याला तळकऱ्यांचा जावई म्हणायचे आणि त्याला ते गोड लागायचं. माणसाकडं मिरवायला एकच दागिना असला की तो झोपतानासुद्धा उतरवत नाही, त्यातली गत.

बहात्तरच्या सालात पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच. गावाची सहकारी पाणीपुरवठा संस्था नुकतीच निघाली होती. मोहनराव चेअरमन, शहादेव व्हाइस चेअरमन. अर्धं गाव सरकारी कामावर खडी फोडत होतं आणि उरलेलं अर्धं संस्थेच्या विहिरीवर नाल्याकाठी घाम गाळत होतं. वरचा मुरूम निघाला, खाली काळा पाषाण लागला आणि गावाचे हात टेकले. नेमके तेव्हाच तळकरी आले. शहादेवाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"त्यांच्याशी बोलायचं माझ्याकडं लागलं," तो सभेत म्हणाला. "तुमी निसतं बघत ऱ्हावा."

तळकऱ्यांचा एक रिवाज होता. विहिरीच्या तोंडाशी ते कामाच्या गावचंच एक माणूस बसवायचे. त्याला ते कान म्हणायचे. खाली उतरलेला तळकरी तळबोलीशिवाय दुसरं काही बोलत नसे, आणि वरून फक्त कानाचाच आवाज ऐकत असे. विहिरीत चार आवाज घुमले की एकही नीट कळत नाही, हे एक कारण. दुसरं त्यांच्या श्रद्धेतलं: पाणी ज्यांचं, त्यांच्यातलं कुणीतरी ते येताना ऐकायला हवं. म्हणून गावच्याच माणसाला ते रोज पहाटे विहिरीकाठी बसवून खालची बोली शिकवायचे. कानानं ती दुसऱ्या कुणाला सांगायची नाही, आणि काम संपलं की परत करून टाकायची, म्हणजे पुन्हा ओठांवर आणायची नाही. खूण म्हणून कानाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला एक भोकाचा काळा दगड असायचा.

तो दगड कुणाच्या गळ्यात पडणार, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. शहादेव तर लहानपणापासून त्याच दगडाची वाट बघत होता.

पहिल्या संध्याकाळी त्यानं तळकऱ्यांचा म्होरक्या मेरग आणि त्याची म्हातारी आई हुनसा यांना घरी जेवायला बोलावलं. जानकीबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या आणि पातळसं बेसन केलं. जेवताना शहादेवाची जीभ एक क्षण टाळूला लागली नाही. खुंबा काय, नाळो काय, टिरकू काय, होतं नव्हतं ते सगळं त्यानं पाहुण्यांच्या ताटात ओतलं. बोलता बोलता ठसका लागल्यासारखं झालं, तसा त्यानं हात मागं केला. हातात तांब्या आला. पाणी प्यायला, तांब्या मागं गेला, बोलणं पुढं चालू राहिलं. मेरग मान डोलवत होता. हुनसा हातातला तुकडा हातातच धरून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव विहिरीवर जमलं. शहादेवानं ठेवणीतलं धोतर नेसलं होतं. हुनसा दगड घेऊन आली तसा तो दोन पावलं पुढं झाला आणि त्यानं मानही वाकवली. म्हातारी त्याच्या बाजूनं पुढं निघून गेली. बायका पाट्या घेऊन उभ्या होत्या तिथं जाऊन तिनं तो दगड जानकीबाईच्या गळ्यात घातला.

शहादेवाची मान तशीच वाकलेली होती. त्याच्या मित्रानं, त्रिंबकानं, ती बघितली आणि मोठ्यानं म्हटलं, "सरळ हो बे, मान आखडंल."

हसायला काय, गावाला निमित्तच हवं असतं. शहादेवही हसला. पण ते त्याच्या मनातून जाईना.

आधी त्याला वाटलं, म्हातारीला दिसत नसेल. मग वाटलं, जानकीनं पालावर जाऊन काही चुगली केली असेल. मग वाटलं, बाईमाणूस आहे, दोन दिवसांत कंटाळेल. जानकीबाई कंटाळली नाही. रोज पहाटे ती हुनसाजवळ जाऊन बसायची आणि उजाडलं की विहिरीच्या काठावर पालथी पडून खाली कान लावायची. खालून झुरी, मेरगची बायको, काहीतरी लांबट सूर काढायची. जानकीबाई वरून तसाच सूर द्यायची आणि रहाटावरच्या माणसांना म्हणायची, "वढा." मध्येच खालून हशा यायचा आणि हीही काठावर पडल्या पडल्या हसायची. इतक्या वर्षांच्या संसारात शहादेवानं तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. घरात ती हसायची ती पदराच्या आतल्या आत.

ते हसणं त्याला टोचायचं. त्या बोलीवर आपला हक्क होता. ती आपली होती, लहानपणापासूनची. आणि आता ती आपल्याच बायकोच्या तोंडी अशी खेळते आहे आणि आपण बाजूला पाटीवाल्यांत उभे आहोत, या विचारानं त्याला अन्न गोड लागेना. परका माणूस असता तर भांडता आलं असतं. बायकोचा हेवा करतो म्हणून कुणाला सांगायचं?

एके दिवशी जेवताना त्यानं विचारलंच.

"आज काय म्हनत व्हती ती झुरी? एवढं हसायला काय झालतं?"

"सांगता येत न्हाई वो. रिवाज हाय त्यांचा."

"मला सांगता येत न्हाई? मला?"

"देवाला बी सांगता येत न्हाई," जानकीबाई म्हणाली. चिडून नाही, साधंच.

शहादेवानं भाकरी खाली ठेवली आणि आपल्या ठेवणीतलं एक लांबलचक वाक्य म्हणून दाखवलं. जानकीबाईच्या ओठांचा कोपरा हलला.

"हसतीस कावून?"

"काई न्हाई."

"सांग म्हनतो ना."

"लहान लेकरावानी बोलता तुमी ती बोली," ती चाचरत म्हणाली. "लई ग्वाड वाटतं ऐकायला. पर खाली आसं बोलत न्हाईत."

ती कौतुकानं म्हणाली होती. पण ज्याच्या घशात मत्सर बसला आहे त्याला साखरही कडूच लागते. शहादेव ताटावरून उठला. हात धुताना त्याला कळून चुकलं की आपल्याकडं आहे ती पालाबाहेरची बोली, पोराटोरांना द्यायची. विहिरीतली बोली वेगळी आहे आणि ती आपल्याला कुणी कधी दिलीच नाही. तीस वर्षं आपण दाराबाहेर उभं राहून घर आपलं म्हणत होतो. आणि बायको तर घरात जाऊन बसलीसुद्धा.

त्रिंबक भेटला की मीठ चोळायचाच. "शहादेवराव, वैनीला व्हाइस चेअरमन करा आता. तुमी घरी भाकरी थापा."

सहकारी संस्थेचा एक गुण आहे. माणसाच्या मनातली कुठलीही गोष्ट तिथं नियमात बसवून मांडता येते. शहादेव पुढच्या सभेत उभा राहिला आणि अगदी शांतपणे बोलला. विहीर संस्थेची आहे. संस्थेच्या कामावर जबाबदारीच्या जागी सभासदच पाहिजे. जानकीबाई सभासद नाही, तिच्या नावावर शेअर नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर जाब कुणाला विचारायचा? तेव्हा विहिरीचा कान सभासदांतूनच नेमावा. स्वतःच्या बायकोविरुद्ध बोलतोय म्हटल्यावर लोकांना तो मोठा न्यायी वाटला.

मोहनराव कचरले. "आरं, त्यांचा रिवाज हाय. आपन ठराव करून कान बदलायचा म्हंजी..."

"मग संस्था त्यांची का आपली?"

हात वर झाले. आणि सहकारात हात वर झाले की तिथं ब्रह्मदेवाचंही चालत नाही.

दुसऱ्या सकाळी मोहनरावांनी विहिरीवर ठराव सांगितला. हुनसानं तो मन लावून ऐकला. वर आल्यावर तळकरी मराठी बोलायचे, तुटक का होईना.

"हात वर केले, म्हनून कान बदलतो?" तिनं विचारलं.

"नियम हाय, माय."

म्हातारीनं जानकीबाईकडं बघितलं. जानकीबाईनं गळ्यातला दोरा काढला, नवऱ्याजवळ आली आणि दगड त्याच्या तळहातावर ठेवला.

"तुमाला पायजेच व्हता तर मला मागायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "सभेला कशाला मागितला?"

शहादेवानं दगड गळ्यात घातला.

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो दगड गळ्यात आला, पण त्याला सुख लागलं नाही. पहाटे हुनसा त्याला शिकवायला बसायची. ती एक शब्द सांगायची आणि थांबायची. तोवर हा आपले चार सांगून मोकळा व्हायचा. एकदा तिनं त्याचं मनगट धरलं, जमिनीवर तीनदा थाप मारली आणि म्हटलं, "ओरूळ."

"म्हाईत हाय," शहादेव म्हणाला. माहीत नव्हतं. पण त्याला वाटलं, हा शब्द जानकीला एका फटक्यात आला असणार. मग आपण कसं विचारायचं?

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली आणि मग पुढचा शब्द म्हणाली.

विहिरीत आता हसणं थांबलं होतं. खालून कामापुरती हाक यायची, हा वरून आवाज द्यायचा, रहाट फिरायचा. काठावर पालथं पडून त्याचे कोपर सोलून निघाले, पण खालून छिन्नी-हातोड्याशिवाय काही ऐकू येईना. आणि दुपारी झुरी वर आली की सरळ मातीच्या ढिगाकडं जायची. तिथं जानकीबाई पाटी उपडी घालून बसलेली असायची. दोघी एक शब्द न बोलता शेजारी शेजारी बसून राहायच्या. कानाचं काम गेल्यावर जानकीबाईला ती बोली तोंडातून काढायला बंदी होती. पण ते गप्प बसणंसुद्धा शहादेवाला बघवेना. दगड आपल्या गळ्यात आणि गोडी मात्र अजून तिच्याकडंच, असं कसं?

एका सकाळी खाली पाच माणसं होती. पाषाणाच्या थरात ओल दिसायला लागल्यानं मोहनराव, त्रिंबक, सगळे सभासद काठाशी जमले होते. तेवढ्यात खालून मेरगची हाक आली.

"ओरूळ!"

शहादेवानं शब्द ओळखला. म्हातारीनं तीन थापा मारल्या होत्या तो. पण त्याचा अर्थ त्यानं विचारलाच नव्हता.

"ओरूळ!" पुन्हा आलं. आवाज चढला होता.

त्यानं मान वळवली. ढिगावर जानकीबाई पाटी कमरेला लावून उभी होती. तिला कळलं होतं. तिचा चेहराच सांगत होता. नुसतं "काय म्हनतोय गं?" एवढं विचारायचा अवकाश होता. पण मोहनराव बघत होते, त्रिंबक बघत होता, आणि ते तिला येतं आणि आपल्याला येत नाही, ही कळ त्या क्षणीसुद्धा त्याच्या काळजात आधी उठली. तो खाली वाकला आणि आपल्या लहानपणीच्या बोलीत त्यानं खणखणीत उत्तर दिलं.

"हाला!"

सगळं ठीक आहे, चालू द्या.

जानकीबाईच्या हातातली पाटी पडली. ती धावत आली, नवऱ्याला खांद्यानं बाजूला सारून काठावर पालथी पडली आणि तिनं असा लांब सूर काढला की रहाटावरचे गडी दचकले. खाली क्षणभर गोंधळ उडाला. खालून विचारलं होतं, ओरूळ, म्हणजे वरची कड सुटतेय का; दगडवाला म्हणतो ठीक आहे आणि बिनदगडाची बाई म्हणते वर या. मेरग जागच्या जागी थांबला. झुरीनं मात्र दोर धरला. तिच्यामागून बाकीचे दोराला लटकले. "वढा, वढा," जानकीबाई ओरडत होती. मेरग शेवटी निघाला. तो अर्ध्यावर असतानाच नाल्याकडची बाजू वरच्या मुरमासकट सुटली आणि पोटात गुरगुरावं तसा आवाज करत विहिरीत बसली. मेरगला वर काढलं तेव्हा त्याच्या एका पायाचा पंजा ठेचला गेला होता. जीव सगळ्यांचे वाचले. विहीर अर्धी बुजली.

मग त्रिंबक म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, "आडातच नव्हतं गड्या, पोहऱ्यात कुठून येनार?"

तळकऱ्यांनी त्याच दिवशी पालं उतरवली. ज्या विहिरीत दोन आवाज शिरले तिथं पुन्हा उतरायचं नाही, असा त्यांचा रिवाज. मोहनरावांनी हातापाया पडून बघितलं, पण ते काही ऐकेनात. शहादेव शिवेपर्यंत त्यांच्या मागं गेला. त्याला माफी मागायची होती. पण माणसाच्या आत जे सलतं तेच आधी तोंडावाटे बाहेर येतं.

"आजे, म्या लहानपनापासून तुमची बोली बोलतो," तो म्हणाला. "मग पहिल्या दिशी दगड तिलाच कावून घातला?"

हुनसा गाढवाचा दोर धरून थांबली.

"तुज्या घरी जेवलो," ती म्हणाली. "आमी आधी घरात जेवतो. बघतो. तू बोलत व्हता. तुला तहान लागली. तू तोंडानं मागितलं न्हाई. मागं बघितलं न्हाई. निसता हात केला. तिनं तांब्या दिला." तिनं आपला सुरकुतलेला हात मागं करून दाखवला. "खाली मानूस आंधारात आसतो, बाबा. त्याला नीट सांगायला सवड नसती. वरच्यानं वळखायचं आसतं. बोली काय, कुनाला बी येती शिकवली की."

तिनं तोच हात पुढं केला. शहादेवानं गळ्यातला दगड काढून तिला दिला.

विहीर तशीच राहिली. संस्थेनं ती पुन्हा उकरायचा ठराव केला, पण उकरायला गावात माणसंच उरली नाहीत. दसऱ्यानंतर शहादेव आणि जानकीबाई इतरांबरोबर ऊसतोडीला गेली, पार घाटाखाली, जिथं पाणी होतं. व्हाइस चेअरमन कोयता घेऊन फडात उभा राहिला. जानकीबाईनं विहिरीचा विषय कधी काढला नाही. तिनं कधी टोमणा मारला नाही, भांडी आदळली नाहीत. तळबोलीचा एक सूरही तिच्या तोंडून पुन्हा आला नाही. तिनं ती परत केली होती.

शहादेव मनातल्या मनात म्हणायचा, बरं झालं, आता ती तिच्याकडंही नाही आणि माझ्याकडंही नाही. बरोबरी झाली. हे त्याला कित्येक दिवस खरं वाटत होतं.

एका दुपारी ऊस तोडता तोडता त्याच्या घशाला कोरड पडली. उन्हाचा ताव होता. पाचटाची कुसळं अंगात शिरली होती. सरीवरून नजर न काढता त्यानं सवयीनं हात मागं केला.

हात तसाच राहिला.

त्याला वाटलं, उठत असेल. थोडं थांबला. मग मान वळवून बघितलं. जानकीबाई दोन हात अंतरावर मोळी बांधत बसली होती, घागर तिच्या गुडघ्याशी होती. ती त्याच्याकडंच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो हात कशासाठी मागं आला आहे, हे तिला खरोखरच कळलं नव्हतं.

"काय वो?" तिनं विचारलं. "काय पायजे?"

बोलीबरोबर तिनं न सांगता ओळखणंही परत केलं होतं, हे शहादेवाला आता उमगलं.

"पानी दे," तो म्हणाला.

"मग तसं सांगा की," असं म्हणून ती उठली आणि तिनं तांब्या भरून दिला.

त्यानंतरच्या सगळ्या आयुष्यात त्याला तिच्याकडं प्रत्येक गोष्ट तोंडानं मागावी लागली, आणि मागितलेली प्रत्येक गोष्ट तिनं दिली.